बंगईची गाडी

मी घासलेल्या भांड्यात तोंड दिसतं, असा माझा लौकिक होता. लौकिक कसला, तो मीच पसरवला होता. अकोल्याहून लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा माझ्या अंगात मोजून दोन गुण होते. एक म्हणजे मी मॅट्रिक पास होते, आणि दुसरा म्हणजे राख आणि काथ्या घेऊन बसले की पितळेचं सोनं करत होते. पहिल्या गुणाचं सासरी कोणाला काही पडलेलं नव्हतं, म्हणून मी सगळा भर दुसऱ्यावर दिला. दिसेल ते घासायची. शेजारणीचा तांब्या चुकून आमच्या ओट्यावर राहिला तर तो उजळूनच परत जायचा. तर अशा त्या कर्तबगार सूनबाईनं, लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला, शेजारच्या भुजंगरावांच्या डिझेल गाडीची एक वाटी घासली आणि गाडीचं इंजिन खाल्लं.

‘खाल्लं’ हा शब्द माझा नाही, भुजंगरावांचा. नवं माणूस भेटलं की ते माझी ओळख अशीच करून द्यायचे. “हे आमच्या शेजारची सूनबाई. दिसाले एवढीशी हाय, पन अख्खं इंजन खाल्लं हिनं. पोयाच्या सनाले, पुरनपोयीसंगं.”

ज्यांनी जुन्या डिझेल गाडीचं पोट उघडून पाहिलेलं नाही त्यांना सांगते. इंजिनाला हवा लागते, आणि आमच्या वऱ्हाडातल्या हवेत निम्मी काळी माती असते. म्हणून हवा आत शिरते त्या तोंडावर एक डबा असतो, डब्याच्या बुडाशी खोलगट वाटी, आणि वाटीत तेल. हवा त्या तेलावरून जाते, माती तेलाला चिकटून खाली राहते. म्हणजे तेलकट असणं हेच त्या वाटीचं काम. पोळ्याच्या आदल्या सकाळी भुजंगरावांनी ती काढली, पुसली, तिच्यात नवं तेल ओतलं आणि कोर्टाची वेळ झाली म्हणून तशीच दोन्ही अंगणांमधल्या कठड्यावर ठेवून निघून गेले. मी पाहिलं. एवढं मोठं भांडं, सणाचा दिवस उद्यावर, आणि त्यात हे काळपट तेल! तेल मोरीत ओतलं, वाटी राखेनं घासली, उन्हात वाळवली, तिला हळदीकुंकवाची बोटं लावली. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी हुशार ना! वाटीखाली फुलपाखरासारखा नट असतो, तो ते कसा फिरवतात हे मी खिडकीतून पाहिलेलं होतं. म्हणून मी ती कोरडीठाक वाटी जागच्या जागी बसवूनही टाकली.

संध्याकाळी भुजंगराव आले. “कोनं बसोली?”

“मी, काकाजी.”

“वा! कशी चमकून राहिली पाह्य!”

त्यांना वाटलं, पोरीनं बाहेरून पुसून बसवली. मला वाटलं, माझं कौतुक चाललं आहे. दोघंही खूश. त्या सूनबाईची आज कुठे गाठ पडली तर मी तिचा कान धरून तिला त्याच वाटीत पाणी पाजीन.

भुजंगराव एका वकिलांकडे मुन्शी होते. उंच, सडसडीत, मान जरा पुढे काढलेली, जणू कोणाचं तरी म्हणणं ऐकून घेत आहेत. धोतर, त्यावर काळा कोट, डोक्याला टोपी. गाडीखाली शिरायच्या आधी ते कोट काढून गाडीच्या आरशाला अडकवायचे, टोपी दिव्यावर ठेवायचे, आणि मग खाली जायचे. टोपी दिव्यावर दिसली की आम्हाला कळायचं, आज खाली सुनावणी चालू आहे.

सुनावणीच असायची ती. कोर्टात आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांना दुसरी भाषाच येत नव्हती. पाने आणि स्क्रू ड्रायव्हर त्यांनी कोर्टाच्या दप्तराला बांधतात तशा लाल कापडाच्या बस्त्यात बांधलेले. इंजिनातून आवाज आला की तो आवाज साक्षीदार. “हा खोटं बोलून राहिला,” ते खालून ओरडायचे. “म्हनते मी वाल्वचा हाय. हाय फॅनच्या पट्ट्याचा!” दुरुस्ती जमली नाही तर ते हरले असं कधी म्हणायचे नाहीत. म्हणायचे, “तारीख पडली.” आणि काम झाल्यावर हातात एखादा नट किंवा वायसर हमखास उरायचा. तो कुठला, हे त्यांना कधीच आठवायचं नाही. तो एका डब्यात जायचा. डब्याचं नाव फरार.

कोणी समजू नये की भुजंगराव मोठे कारागीर होते. अजिबात नव्हते. गॅरेजवाल्यांच्या तीन मतांत चौथं मत आपलं घालायचे आणि तेच खरं करायला जायचे. एकदा त्यांनी ब्रेक दुरुस्त केले तेव्हा हॉर्न बंद पडला. कसा, ते त्या गाडीलाच ठाऊक. तेव्हापासून हॉर्नच्या जागी बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली ती कायमची. पण गाडी बाहेर कोणाच्या हाती द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. “माह्या घरचा मामला हाय,” म्हणायचे. “घरीच मिटवीन.”

आणि तो खरोखरच घरचा मामला होता.

भुजंगरावांच्या बायकोला आम्ही गोदाकाकू म्हणायचो. माहेर पातूरचं. लग्नानंतर काही वर्षांनी त्या विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांची कंबर गेली. घरात भिंतीला धरून चालायच्या, ओट्यापर्यंत यायच्या, त्याच्या पुढे नाही. बैलगाडीचा हिसका सोसायचा नाही, बसची पायरी चढता यायची नाही. एका वर्षी आगगाडीनं अकोला आणि तिथून बसनं पातूर करून पाहिलं, तर पुढचा महिना अंथरुणावर गेला. त्यानंतर माहेर तुटलं. पातूरला त्यांची म्हातारी आई होती, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, तिचंही अमरावतीला येणं शक्य नव्हतं. मायलेकी शंभराएक मैलांच्या आत राहून एकमेकींना निरोप पाठवायच्या.

तेव्हा भुजंगरावांनी ही गाडी घेतली. लढाईनंतर लिलावात निघालेली, पुढे दोन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी छोटी ट्रक. मुळात पेट्रोलची. कोणीतरी तिच्यात एका दुसऱ्याच गाडीचं जुनं डिझेल इंजिन बसवून दिलेलं, त्यामुळे सुरू झाली की अंगात आल्यासारखी थरथरायची. सगळे म्हणाले, मुन्शीजीला वेड लागलं. मुन्शीजीनं हौद्यावर लोखंडी कमानी ठोकल्या, वर ताडपत्री टाकली आणि घरातली बंगई काढून, कड्यांसकट, हौद्यात टांगली.

बंगई म्हणजे झोपाळा. पुण्याकडे झोपाळा म्हणतात, आमच्याकडे बंगई. वऱ्हाडात ज्याच्या घरी बंगई नाही त्याच्या घरी पाहुणा दुसऱ्यांदा जात नाही. तर त्या बंगईवर गादी घालून, भोवती उशा लावून गोदाकाकू बसायच्या. गाडी खड्ड्यात आपटली की हौदा आपटायचा, बंगई नुसती झुलायची. हिसका कड्यांमध्येच जिरायचा. असं झुलत झुलत त्या अमरावतीहून पातूरला गेल्या, आणि नंतर दर दिवाळीला जाऊ लागल्या.

वर्षाचे बाकीचे दिवस गाडी कडुनिंबाखाली उभी असायची. दुपारी गोदाकाकूंना घरातून हौद्यात बसवून दिलं की त्या तिथून सगळ्या गल्लीचा कारभार पाहायच्या. आम्ही बायका तूरडाळ निवडायला, बोंडातला कापूस काढायला हौद्यात जमायचो. भुजंगराव खाली इंजिनाशी, गोदाकाकू वर बंगईवर. ते त्यांना ‘हायकोर्ट’ म्हणायचे.

“हायकोर्ट, आइल बदलू काय?”

“मागच्या महिन्यात बदललं नं?”

“मंग नाई बदलत.”

“नाई बदलत कसं? काया झालं असन तर बदला की. मले कायले इचारता?”

“हेच तं हायकोर्टाचं हाय. दोन्हीकडून निकाल देते.”

घरी बैल नव्हते, शेत नव्हतं. पण दोघंही शेतकऱ्याच्या घरची, पोळ्याशिवाय राहवत नव्हतं. म्हणून पोळा गाडीचा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात ना, तसं भुजंगराव गाडीच्या बॉनेटला हळद-तूप लावायचे आणि अगदी गंभीरपणे सांगायचे, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” पोळ्याच्या दिवशी बस्ता उघडायचा नाही, गाडीला पाना लावायचा नाही. बैलाला जसं त्या दिवशी जू नाही, तसं.

तर अशा सणाच्या तोंडावर मी ती वाटी घासली.

पाऊस उघडला, भादव्याचं ऊन पडलं आणि रस्ते वाळून धुरळा उडायला लागला. त्या दिवसांत गाडी नेहमीपेक्षा जास्त फिरली. गल्लीत गणपतीचा भंडारा होता, त्याची भांडी, शाळेची बाकं, कोणाचं तरी बिऱ्हाड. दसऱ्यापर्यंत तिच्या नळीतून निळा धूर यायला लागला. मग सकाळी सुरू होईना. मग सुरू होई, पण चढावर दम टाकी. भुजंगरावांनी सगळ्यांच्या साक्षी घेतल्या. डिझेलचा पंप, नोझल, टाकी. कोणी कबूल होईना.

आणि त्याच दिवसांत पातूरहून गोदाकाकूंचा भाऊ येऊन गेला. आई अंथरुणाला खिळली होती. तिनं निरोप दिला होता तो त्यानं हौद्यापाशी उभं राहून सांगितला, “बुढी म्हनते, गोदीले सांग, यंदाची दिवायी पाह्यते मी. पुढची काई माहा भरोसा नाई.”

गोदाकाकू बंगईची कडी धरून बसल्या. भाऊ गेल्यावर म्हणाल्या, “अवो, गाडी होईन नं?”

“होईन.”

“तारीख नाई पडाची?”

भुजंगरावांनी कोट आरशाला अडकवला, टोपी दिव्यावर ठेवली, आणि लाल बस्ता सोडला.

त्यांनी इंजिनाचं डोकं उघडलं. कडुनिंबाच्या फांदीला कप्पी बांधली, दोराने ते जड डोकं वर उचललं, आणि सिलेंडरात बोट फिरवून पाहिलं. बोट बाहेर काढलं तेव्हा त्यावर तेलात कालवलेली बारीक काळी माती होती. ते तसेच हौद्यापाशी गेले आणि ती माती गोदाकाकूंच्या तळहातावर ठेवली.

“हा पुरावा,” ते म्हणाले. “आपली वऱ्हाडाची माती. आत कशी गेली?”

मग ते हवेच्या डब्याकडे गेले. फुलपाखरासारखा नट फिरवला, वाटी खाली काढली. आतून लख्ख. तिच्यात तेलाचा थेंब नव्हता. मी तेव्हा आमच्या ओट्यावर गहू पाखडत होते. ते तिथूनच म्हणाले, “सूनबाई, जरा इकडं येता काय?”

ते मला ‘येता काय’ म्हणाले तेव्हाच मी समजले. ते नेहमी ‘ये वं’ म्हणायचे.

खटला त्याच दुपारी हौद्यासमोर उभा राहिला. गल्लीतल्या बायका, माझ्या सासूबाई, सगळ्या हजर. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी. मला रडू येत होतं, आणि रडताना नाकपुडी फुगते ती दिसू नये म्हणून पदर आणखी पुढे. तेवढ्या प्रसंगातही मला माझ्या नाकाची काळजी!

“आरोपी नंबर एक,” भुजंगराव म्हणाले, “यानं वाटी घासली. कबूल?”

मी मान हलवली.

“मान हालवून नाई चालत. तोंडानं बोलाव लागते.”

“कबूल.”

“काहून घासली?”

“तेलकट होती म्हणून.”

बायका हसल्या. गोदाकाकूही हसल्या, आणि त्या हसल्या म्हणून माझ्या जिवात जीव आला.

“आरोपी नंबर दोन,” भुजंगराव पुढे म्हणाले आणि स्वतःच्या छातीला बोट लावलं. “यानं वाटी चमकताना पाह्यली, अन् उघडून नाई पाह्यली. दीड महिना गाडी हाकली. यालेही कबूल हाय. हायकोर्टानं निकाल द्यावा.”

गोदाकाकूंनी तळहातावरची माती पाहिली, पदराला पुसली. “नंबर दोनले,” त्या म्हणाल्या, “दिवायीच्या आंदी इंजन बसोवाचं. अन् नंबर एकले सक्तमजुरी. इंजन होतवर ह्याइच्या हाताखाली बसाचं. आता घासाचं तं जे घासाले पाह्यजे ते घास.”

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. नवी सून, शेजारच्या अंगणात, डिझेलमध्ये हात घालून! पण निकाल हायकोर्टाचा होता आणि अपील करायला जागा नव्हती.

मी बसले. रोज दुपारी, घरची कामं आटोपून. रॉकेलच्या घमेल्यात एकेक भाग धुवायचा आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचा. माझे हात काळे झाले, नखं काळी झाली, मेंदी तर दिसेनाशीच झाली. एकदा मी आपलं ज्ञान दाखवायला गेले. “आमच्या अकोल्यात,” मी सुरू केलं, “यंत्र असतं ह्याला धुवायचं.”

“तुह्या अकोल्यात समदं असते,” भुजंगराव म्हणाले. “नसते फक्त अमरावतीसारखी सून. खाली पाह्य अन् घास.”

व्हॉल्व्ह घासायची पाळी आली तेव्हा मात्र माझी किंमत वाढली. व्हॉल्व्ह त्याच्या जागेत नीट बसावा म्हणून त्याच्या कडेला वाळूसारखं मलम लावतात आणि वरून एका लाकडी दांड्याला तो चिकटवून दोन्ही तळहातांत फिरवत बसतात, रवीनं ताक घुसळावं तसं. भुजंगरावांना ते जमेना. त्यांचा दांडा सटकायचा, मग ते त्याच्यावर खोटी साक्ष दिल्याचा आरोप करायचे. मी दांडा हातात घेतला. लहानपणापासून ताक घुसळलेलं. अर्ध्या तासात व्हॉल्व्हच्या कडेला एकसारखी राखाडी रेघ उमटली. भुजंगरावांनी ती पाहिली आणि हौद्याकडे तोंड करून ओरडले, “हायकोर्ट! आरोपी सुधरून राहिला!”

पिस्टनच्या रिंगा मातीनं झिजल्या होत्या; नव्या नागपूरहून येईपर्यंत धनत्रयोदशी झाली. लक्ष्मीपूजनाला इंजिन बसलं, पण बोलेना. आमची ही पहिली दिवाळी, माझा दिवाळसण. मला आणि माझ्या नवऱ्याला पाडव्याला अकोल्याला माझ्या माहेरी जायचं होतं, आणि तेही याच गाडीतून, असं आधीच ठरलेलं. पाडवा तसाच गेला. पाडव्याच्या संध्याकाळी इंजिन एकदाचं खोकललं, थरथरलं आणि लागलं. धूर पांढरा आला, मग विरळ झाला. गोदाकाकू बंगईवर बसून होत्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला. “धूर गेला डोयात,” म्हणाल्या.

भाऊबीजेला पहाटे निघालो. पुढे भुजंगराव आणि माझा नवरा. हौद्यात बंगईवर गोदाकाकू आणि खाली त्यांच्या पायाशी मी, करंजीचा डबा मांडीवर. माझा नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याला गाडीतलं काहीच कळत नव्हतं, आणि कळत नाही हे तो लपवायचाही नाही. म्हणून तर माझं त्याच्याशी जमलं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी दोन आचके देऊन थांबली. दोन्हीकडे कापसाची शेतं, बोंडं फुटलेली, आणि रस्त्यावर आम्हीच. भुजंगराव उतरले. कोट आरशाला, टोपी दिव्यावर. मला वाटलं, झालं, तारीख पडली.

“हवा शिरली,” ते म्हणाले. “डिझेलच्या नयीत. सूनबाई, उतर.”

डिझेलची नळी कुठे सैल राहिली की तिच्यात हवा शिरते, आणि हवा शिरली की इंजिन उपाशी मरतं. मग एक स्क्रू ढिला करून, हातपंप मारून ती हवा बाहेर काढावी लागते. नळी का सैल राहिली तेही लगेच कळलं. तिथला वायसर फरारच्या डब्यात होता, आणि डबा भुजंगरावांनी शहाणपणानं सोबत घेतलेला. “बेटा हजर झाला,” ते म्हणाले आणि वायसर बसवला. मी पंप मारायला लागले. हातभर बांगड्या, दिवाळसणाचं नवं लुगडं. स्क्रूपाशी फेस यायला लागला.

“फेस थांबला अन् निस्तं डिझेल आलं की सांग. आंदी नाई.”

मी पंप मारत राहिले. फेस, फेस, फेस. वरून गोदाकाकूंचा आवाज आला, “आलं काय वं?”

“नाही काकू.”

“मार मंग. माही माय वाट पाहून राहिली.”

शेवटी बुडबुडे थांबले. पिवळसर डिझेलची सरळ धार आली. “आलं!” मी ओरडले, आणि ती धार थेट लुगड्याच्या निऱ्यांवर.

अकोल्याला पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. भुजंगरावांनी गाडी आमच्या घरासमोर उभी केली. आता मी उतरायचं होतं. पण पातूर अजून पुढे होतं, मध्ये चढ होता, आणि पुन्हा हवा शिरली तर पंप कोण मारणार? मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं. “तू जा,” तो म्हणाला. “शिक्षा पुरी करून ये.”

तेव्हा माझा नवरा दिवाळसणाला सासरी एकटाच शिरला. माझी आई आरतीचं तबक घेऊन दारात. “जावईबापू, पोरगी कुठं हाय?”

“ती,” गणिताचे मास्तर शांतपणे म्हणाले, “हवा काढायला पातूरला गेली आहे.”

माझ्या माहेरी हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं चाललं. मी कुठेही वेळेवर पोचले नाही की कोणीतरी म्हणायचंच.

पातूरला गाडी दारात उभी राहिली तेव्हा दिवेलागण झाली होती. गोदाकाकूंची कंबर आखडली होती. भाऊ धावत आले, त्यांना उचलायला गेले, तर त्या नको म्हणाल्या. “जरा थांबा रे. आता उतरवाल तं जीव जाईन.” आणि मग घरातून आवाज आला, “गोदी आली काय रे? आत काहून नाई येत?”

थोरल्या भावानं काय करावं? तो आत गेला आणि म्हाताऱ्या आईलाच दोन्ही हातांवर उचलून घेऊन आला. हौद्यात चढला आणि तिला बंगईवर लेकीशेजारी बसवलं. म्हातारीनं आंधळ्या हातानं आधी बंगईच्या कड्या चाचपल्या, मग गोदाकाकूंचं तोंड.

“एवढा उशीर कायले केला, जावई?”

“तारीख पडली होती, सासूबाई,” भुजंगराव म्हणाले.

“अन् हे कोन?” तिच्या पायाला माझा हात लागला होता.

मी हात मागे घेतला. आता ती ओळख होणार. इंजिन, पुरणपोळी, सगळं.

“हे आमची मेकॅनिक,” भुजंगराव म्हणाले.

भाऊबीज हौद्यातच झाली. कमानीला कंदील टांगला, भाऊ एकेक करून वर चढले आणि गोदाकाकूंनी बंगईवर बसूनच त्यांना ओवाळलं. आई शेजारी झुलत होती. खाली भुजंगराव अंधारात उभे होते, एक हात बॉनेटवर ठेवून. बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

त्या थंडीतच म्हातारी गेली. पण दिवाळी तिनं पाहिली होती.

नंतरही गोदाकाकू दरवर्षी भावांकडे जात राहिल्या, आणि गाडी दरवर्षी काही ना काही काढत राहिली. मला दोन मुलं झाली. भांडी घासायचा माझा हव्यास हळूहळू कमी झाला. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी भुजंगराव वाटी काढायचे, नवं तेल भरायचे, आणि ती दोन्ही हातांत धरून मुद्दाम आमच्या ओट्यापर्यंत यायचे.

“पाह्य सूनबाई, तेलकट हाय नं?”

“आहे, काकाजी.”

“बस. हात नोको लावू.” आणि परत जायचे. हा आमचा दोघांचा पोळा.

मग एका उन्हाळ्यात गोदाकाकू गेल्या. फार त्रास न होता, दुपारी, हौद्यात बंगईवर बसल्या बसल्या. त्यानंतरही भुजंगराव दर रविवारी गाडी सुरू करायचे, थोडा वेळ चालू ठेवायचे आणि बंद करायचे. गाडीखाली मात्र शिरायचे नाहीत. टोपी दिव्यावर दिसेनाशी झाली.

त्याच वर्षी आमची बदली अकोल्याला झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर बसून भांडी पोत्यात बांधत होते. भुजंगराव आपल्या अंगणातून आले, अंगात कोट, डोक्यावर टोपी. हातात ती वाटी. मी हसून तोंड उघडलं, आहे काकाजी तेलकट, म्हणायला. तर वाटी रिकामी होती. जुनं तेल त्यांनी कुठेतरी ओतून दिलं होतं आणि नवं भरलं नव्हतं. बुडाशी नुसता काळा राप.

“काकाजी, तेल?” मी विचारलं.

त्यांनी वाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि राखेच्या खापराकडे बोट केलं.

“घास, सूनबाई. तुले आवडते तशी घास. आता कोनाले जायाचं हाय पातूरले?”